पांढऱ्या कोटाचा हप्ता

(हावड्यातल्या एका रेल्वे वसाहतीत जयंती महिन्याच्या कार्यक्रमात, बहुतांश विदर्भातून आलेल्या कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर केलेलं भाषण. थोडं संपादन करून.)



मी इथं पाहुणी नाही. दोन वर्षांपासून संशोधनाच्या निमित्तानं हावड्यात राहते. रुग्णालयात काम करणारी माणसं हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. म्हणजे डॉक्टर सोडून बाकीचे सगळे. आपल्यातले पुष्कळ जण बंगाल नागपूर रेल्वेच्या रुळांवरून इकडं आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. ही कंपनी 1887 ची, तिचं एक टोक नागपूर आणि एक टोक इथं. म्हणून या वसाहतीत मला कधी परकं वाटलं नाही.

आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या महिन्यात इथल्या एका काकांनी मला घरी बोलावलं. त्यांची मुलगी बारावी सायन्स पास झाली होती. टेबलावर एका खाजगी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी, आत लिहिलेलं, "100 टक्के नोकरी". एजंट दोनदा घरी येऊन गेला होता. चार वर्षांचा कोर्स, फी आणि राहणं मिळून सहा लाख, "लोन आम्ही करून देतो" असं म्हणाला होता. काका मला म्हणाले, "ताई, तू शिकलेली आहेस. सांग, सही करू की नको?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. "थोडा वेळ द्या" म्हणाले. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

सुरुवात पैशापासून करणार नाही, कोटापासून करते. हा कोट आपल्याला इतका का हवासा वाटतो?

नदीपलीकडं कलकत्ता मेडिकल कॉलेज आहे, 1835 सालचं. तिथं 1836 मध्ये मधुसूदन गुप्तांनी प्रेताचं विच्छेदन केलं. वरच्या जातीच्या हिंदूनं प्रेताला हात लावला ही इतकी मोठी गोष्ट मानली गेली की फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली असं सांगतात. गुप्तांचं धाडस मी कमी लेखत नाही. पण प्रेताला हात तर डोम समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लावत होती. त्यांच्यासाठी एक फटाकाही वाजला नाही. तेच काम एकानं केलं तर विज्ञान आणि दुसऱ्यानं केलं तर विटाळ.

आता 2021 वर या. त्या वर्षी कोलकात्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजनं शवागाराच्या कामासाठी प्रयोगशाळा परिचरांच्या सहा जागा काढल्या. लोक आजही या जागांना "डोमची नोकरी" म्हणतात. पात्रता आठवी पास, पगार महिना 15,000 रुपये. सहा जागांसाठी सुमारे 8,000 अर्ज आले. अर्जदारांत पदवीधर होते, पदव्युत्तर होते, इंजिनिअरही होते.

ही बातमी वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून छापली. आपल्यासाठी ती गंमत नाही. पदवी हातात आली म्हणजे बाजारात तिला किंमत आलीच असं नाही, हे त्या बातमीचं सार आहे. रुग्णालय हे आपल्या माणसांना झाडूच्या बाजूनं फार जुन्या ओळखीचं ठिकाण आहे. त्याच इमारतीत मुलीनं मशीनच्या बाजूला उभं राहावं असं बापाला वाटतं. ही इच्छा अगदी बरोबर आहे. आणि नेमकी हीच इच्छा एजंट विकत असतो.

आता कोर्सकडं वळू. पॅथॉलॉजी लॅब, एक्स-रे, सीटी स्कॅन, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण उपचार. या सगळ्याला आपण सरसकट "पॅरामेडिकल" म्हणतो. 2021 मध्ये संसदेनं यासाठी एक कायदा केला, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्यात या व्यवसायांचे दहा गट आहेत आणि शिक्षणाची किमान मर्यादा ठरवली आहे. संलग्न व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तास, तीन ते सहा वर्षांत. त्यामुळं कुणी "सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन" असं म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता काकांचा हिशेब. वही असेल तर लिहून घ्या.

समजा सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. दर वर्षी दीड लाख, चार वर्षं. व्याज 10 टक्के धरू. कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. लोकांना वाटतं, तोवर व्याजही थांबलंय. व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळ व्याजानं एकूण 2 लाख 10 हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज 8 लाख 10 हजार झालेलं असतं.

हे दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे 10,700 रुपये. एकूण 12 लाख 84 हजार. "हप्ता कमी करून देतो" असं बँक म्हणाली आणि मुदत पंधरा वर्षं केली, तर हप्ता 8,700 वर येतो, पण एकूण रक्कम साडेपंधरा लाखांच्या पुढं जाते. माहितीपत्रकावरचे सहा लाख ही कोर्सची खरी किंमत नाही. खरी किंमत तेरा ते साडेपंधरा लाख आहे.

आता पगार. खाजगीतला आकडा मी सांगणार नाही, कारण तो गावागणिक, लॅबगणिक बदलतो. सरकारी आकडा सांगते, कारण तो कागदावर आहे आणि या वसाहतीला रेल्वेचा कागद वाचता येतो. 2024 मध्ये रेल्वे भरती मंडळांनी पॅरामेडिकलच्या 1,376 जागा काढल्या. संपूर्ण देशासाठी. त्यातल्या 713 नर्सिंगच्या. रेडिओग्राफरच्या 64. फिजिओथेरपिस्टच्या 20. डायलिसिस तंत्रज्ञांच्या 20. रेडिओग्राफरचा सुरुवातीचा मूळ पगार 29,200, फिजिओथेरपिस्टचा 35,400. त्यावर महागाई भत्ता वगैरे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रेल्वेत रेडिओग्राफर म्हणून लागलेल्या मुलीच्या मूळ पगारातून 10,700 चा हप्ता गेला, तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेला. आणि ही झाली लॉटरी लागलेली मुलगी. देशभरात 64 जागा. बाकीच्या सगळ्या खाजगी लॅबमध्ये, नर्सिंग होममध्ये, डायग्नोस्टिक सेंटरमध्ये जातात. तिथं आरक्षण नाही, वेतन आयोग नाही, पुष्कळ ठिकाणी नेमणूकपत्रसुद्धा नाही. आरक्षणानं आपल्याला कॉलेजच्या दारापर्यंत आणलं. कॉलेज संपल्यावर ज्या दारातून पगार येतो, त्या बहुतेक दारांवर आरक्षण नाही. म्हणून फी भरण्याआधी त्या दारावर काय लिहिलंय ते वाचायला हवं.

आता घरची गोष्ट सांगते. सांगायची की नाही असा विचार येताना बसमध्ये करत होते. सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीनं लॅब टेक्नॉलॉजीची तीन वर्षांची पदवी केली. कॉलेजचं नाव घेत नाही. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून झाला. "शिष्यवृत्तीचं नंतर बघू" असं कार्यालयातल्या माणसानं सांगितलं होतं. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. मी तेव्हा एमए समाजशास्त्र करत होते, सामाजिक विषमतेवर निबंध लिहीत होते, आणि घरात आलेला प्रवेशाचा फॉर्म मी वाचला नव्हता. चार लाखांचं कर्ज झालं. फेडायची वेळ आली तेव्हा ते पाच लाखांच्या वर गेलं होतं आणि हप्ता सात हजारांच्या वर. पहिली नोकरी रक्ताचे नमुने गोळा करण्याच्या केंद्रावर मिळाली. पगार 9,000.

हप्ता बाबांच्या पगारातून जायला लागला. तीन हप्ते चुकले. नव्वद दिवस थकलं की बँकेच्या वहीत ते खातं बुडीत गटात जातं. ते केवळ बहिणीचं जात नाही, सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बाबांचंही जातं. बाबांना घराच्या छपरासाठी कर्ज हवं होतं, ते मिळालं नाही. बहीण कुणाला काही बोलली नाही. फक्त पदवीदान समारंभातला कोट घातलेला फोटो तिनं भिंतीवरून उतरवून ठेवला. आता ती सावरली आहे, दुसऱ्या ठिकाणी बरा पगार आहे. पण त्या दोन वर्षांत स्वतःला "घराला बुडवणारी" समजत होती. तिनं घराला बुडवलं नव्हतं. आम्ही कुणीच बेरीज केली नव्हती.

मग बेरीज केल्यावर कोणत्या वाटा दिसतात? या ठिकाणावरून दिसतात तेवढ्या सांगते.

पहिली वाट, सरकारी संस्था. नदी ओलांडून बी. टी. रोडवर बोनहुगलीला राष्ट्रीय गतिशील दिव्यांगजन संस्था आहे. केंद्र सरकारची. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि कृत्रिम अवयवशास्त्र या पदव्या तिथं आहेत, प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेतून. वसाहतीतून बसनं जाता येईल इतकी जवळ, म्हणजे वसतिगृहाचा खर्चही वाचला. वाचा-श्रवणाचं शिक्षण देणाऱ्या बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचं पूर्व विभागाचं केंद्रही कोलकात्यात आहे. महाराष्ट्रात परतायची तयारी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा कोर्स सरकारी मेडिकल कॉलेजांत चालतो. एजंट या संस्थांचं नाव कधी घेत नाही, कारण इथं त्याला कमिशन नाही.

इथं जातीच्या दाखल्याची गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका अनुसूचित जमातीच्या कर्मचाऱ्याच्या मुलानं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये राखीव जागा मागितली होती. न्यायालय म्हणालं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला नव्या राज्याच्या राखीव जागांवर हक्क सांगता येणार नाही, जातीचं नाव दोन्ही याद्यांत असलं तरी. म्हणजे मूळ महाराष्ट्रातल्या कुटुंबाला पश्चिम बंगाल राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. पण केंद्रीय संस्थेत मूळ राज्याचा दाखला चालतो. बोनहुगलीची संस्था केंद्राची आहे, म्हणून आपल्यासाठी ती दुप्पट मोलाची. आणि बौद्धांनी लक्षात ठेवा: केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीपासून आपल्याला आहेत, पण महाराष्ट्राचा नवबौद्ध दाखला तिथं चालत नाही. मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तो गावाकडून काढायला महिने लागतात. बारावीच्या निकालाची वाट बघू नका, अकरावीतच अर्ज करा.

दुसरी वाट, पदविका. "डिप्लोमा म्हणजे कमीपणा" हे डोक्यातून काढा. रेल्वेच्या ज्या रेडिओग्राफरच्या जागेबद्दल बोलले, तिला बारावी सायन्स आणि दोन वर्षांची पदविका पुरते. चार वर्षांच्या पदवीची अट नाही. उलट फिजिओथेरपिस्टच्या जागेला पदवीशिवाय शंभर खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणून आधी जागेची अट वाचायची, मग कोर्स निवडायचा. आपण उलट करतो. पश्चिम बंगालमध्ये स्टेट मेडिकल फॅकल्टीच्या मान्यतेच्या पदविका आहेत. दोन वर्षं आधी कमावती झालेली मुलगी पुढं नोकरी करत पदवी घेऊ शकते.

तिसरी वाट, कर्जच घ्यायचं तर स्वस्त कर्ज. पश्चिम बंगाल सरकारची स्टुडंट क्रेडिट कार्ड योजना 2021 पासून आहे. दहा लाखांपर्यंत कर्ज, 4 टक्के सरळ व्याज, तारण नाही, फेडायला अभ्यासाचा काळ धरून पंधरा वर्षं. अट एवढीच की राज्यात दहा वर्षं वास्तव्य हवं. इथं जात विचारत नाहीत, वास्तव्य विचारतात. ज्यांच्या तीन पिढ्या या क्वार्टर्समध्ये गेल्या त्यांना ते सिद्ध करणं अवघड नाही. तेच सहा लाख या व्याजानं घेतले, तर हप्ता सुरू होताना कर्ज 6 लाख 84 हजार असेल आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण 6,900. काकांच्या एजंटच्या कर्जापेक्षा महिन्याला पावणेचार हजारांनी कमी. केंद्राचीही व्याज अनुदान योजना आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि संस्था योजनेत बसत असेल, तर अभ्यासाच्या काळातलं आणि पुढच्या वर्षाचं व्याज सरकार भरतं. संस्था बसते का, हे कॉलेजला नाही, बँकेला विचारा. लेखी.

आणि शिष्यवृत्ती. बाबासाहेबांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयला निवेदन देऊन शिक्षणासाठी पैसा मागितला, तिथून ही वाट निघाली. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालू आहे. अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळं रेल्वेत कायम असलेल्यांची मुलं बहुतेक बाहेर राहतात. पण या वसाहतीत कंत्राटी सफाई करणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्या मावश्यांची मुलंही आहेत. त्यांनी ती सोडू नये. तुम्ही ज्या राज्याचे कायम रहिवासी, ते राज्य ती देतं.

आता कॉलेजला विचारायचे प्रश्न. मान्यता कुणाची, विद्यापीठ कोणतं? स्वतःचं रुग्णालय आहे का, किती खाटांचं? इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं की उलट पैसे भरावे लागतात? मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं का? कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या वर्षांची फी मागता का? आणि शेवटचा: मागच्या वर्षी पास झालेल्या पाच मुलांचे फोन नंबर द्या. त्यांना फोन करून एकच विचारा, हातात किती येतात? जे कॉलेज नंबर देत नाही, त्यानं उत्तर दिलेलंच आहे.

त्यानंतर एक साधं माप लावा. हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत असावा. 10,700 चा हप्ता म्हणजे जवळजवळ 43,000 चा पहिला पगार हवा. तो मिळेल असं ती पाच मुलं सांगत असतील तर खुशाल सही करा.

कुणी म्हणेल, "ताई, वरच्या जातीच्या पोरांना कुणी असा हिशेब करायला लावत नाही. आपल्याच मुलांनी स्वप्न बघताना कॅल्क्युलेटर का घ्यायचा?" हा राग खरा आहे आणि माझाही आहे. त्यांची पोरं चुकली तर मागं घर असतं, शेत असतं, मामाचं नर्सिंग होम असतं. आपल्या पोरीची एक चूक म्हणजे घराचं छप्पर. म्हणून हिशेब करायचा. पण हिशेबावर थांबायचं नाही. सरकारी जागा का वाढत नाहीत, इंटर्नशिप फुकट का, खाजगी लॅबला किमान वेतन कोण लावणार, हे प्रश्न एकट्या काकांच्या टेबलावर सुटणारे नाहीत. ते संघटनेचे प्रश्न आहेत.

आणि मी कर्जाच्या विरोधात नाही. 1920 मध्ये लंडनचा अर्धवट अभ्यास पुरा करायला निघालेल्या बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत बांधली, शाहू महाराजांची मदत घेतली आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले. त्यांनीही कर्ज काढलं. पण कशासाठी, किती आणि कुणाकडून, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आणि पुढं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला संविधान सभेत पहिल्यांदा पाठवलं ते याच बंगालनं, 1946 मध्ये, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीनं. त्या बंगालमध्ये बसून आपण रुपयाचा हिशेब टाळावा, हे बरं दिसत नाही.

काका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. त्या कागदावर आत्ता सही करू नका. मुलीला शिकवू नका असं मी म्हणत नाही, या किमतीला हा कोर्स घेऊ नका असं म्हणते. बोनहुगलीच्या परीक्षेचा फॉर्म तिला भरू द्या. पदविकेचाही भरू द्या. गावाकडं दाखल्याचा अर्ज आजच पाठवा. येत्या रविवारी मी दुपारी इथंच बसेन. ज्यांच्या घरी असं माहितीपत्रक आलंय त्यांनी ते घेऊन या, सोबत वही आणि पेन आणा. मुलींनी स्वतः यायचं. बेरीज त्यांनी करायची, मी फक्त शेजारी बसेन. माझ्या बहिणीच्या वेळी मी बसले नव्हते.

जय भीम.